मामांच्या ताटातला अळणी ठेचा

डॉक्टरांनी मामांचं मीठ बंद केलं, तेव्हा सगळ्यात जास्त कोण हादरलं असेल तर आत्याबाई. मामा म्हणजे माझे सासरे आणि आत्याबाई म्हणजे सासूबाई. आमच्या परळीकडे असंच म्हणायची पद्धत. मामांच्या हृदयाची ताकद कमी झाली होती. पायांवर सूज चढलेली, चार पायऱ्या चढल्या की धाप. डॉक्टरांनी अंगातलं पाणी उतरायची गोळी दिली आणि समजावून सांगितलं की मीठ पाणी धरून ठेवतं, ते पाणी यांच्या हृदयाला झेपत नाही. लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, सोडा घातलेली भजी, सगळं बंद. बाजारात कमी सोडियमचं म्हणून मिठाचं पाकीट मिळतं, तेही मला विचारल्याशिवाय आणायचं नाही, म्हणाले. मामांनी शांतपणे मान डोलावली. आत्याबाई मात्र परत येताना रिक्षात तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

“बिनमिठाचं कुनाला वाढत्यात का?” घर येईपर्यंत त्या एवढंच दोन-तीनदा म्हणाल्या.

आमच्या घराची रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आम्ही लिंगायत, आमच्याकडे गळ्यातल्या लिंगाला दाखवल्याशिवाय कुणी घास घेत नाही. एकदा दाखवलं की ताटातलं अन्न म्हणजे प्रसाद. मग त्याला नावं ठेवायची नाहीत, वरून मीठ मागायचं नाही, शीत टाकायचं नाही. मामा तर जेवण झालं की ताटात पाणी घालून, बोटानं ताट धुऊन ते पाणीही पिऊन टाकतात. आणि सगळं देवाला जायचं म्हणून करणारीनं आधी चाखायचंही नाही. माझं माहेर आष्टीकडचं, तिथं एवढं कडक नव्हतं. आई पळीभर कालवण तळहातावर घेऊन भुरकायची, मान हलवायची, तेव्हा कुठं गॅस बंद व्हायचा. इथं आल्यावर माझी निम्मी अक्कल त्या तळहाताबरोबर माहेरीच राहिली.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी वरणात दोनदा मीठ घातलं. एकदा घातलेलं विसरले, चाखायची सोय नाही, मग पुन्हा घातलं. नवऱ्यानं पहिल्या घासाला माझ्याकडं असं पाहिलं की मला तिथंच रडू फुटलं असतं. मामांनी मात्र सगळं संपवलं. वाटीसुद्धा धुऊन प्यायले. मग दुपारभर माठाशी त्यांच्या फेऱ्या चालल्या होत्या, आणि संध्याकाळी दुकानातून येताना माझ्यासाठी पेरू घेऊन आले. ‘होतं असं’ किंवा ‘शिकशील’ असलं काहीही बोलले नाहीत. मला त्या माणसाविषयी तेव्हापासून जे वाटतं त्याला माया म्हणतात की काय म्हणतात, मला ठाऊक नाही, पण माझ्या वडिलांच्या नंतर मी कुणाचा एवढा लळा लावून घेतला नाही. पुढं मी स्कूटी शिकायचं म्हटलं तर सीट धरून मागं धावणारेही तेच. धोतराचा सोगा वर खोचून, कपाळावरची विभूती घामानं वाहत असलेली. सगळी गल्ली दारात उभी राहून हसत होती. त्यांना काही पडलं नव्हतं.

आमचं दुकान दोरखंडाचं. कासरे, सुतळी, बारदाना, ताडपत्री. ऊसतोडीला जाणारी माणसं दसऱ्याच्या सुमाराला दोर आणि ताडपत्री घ्यायला येतात, तेव्हा मामा प्रत्येक दोर ताणून देतात. आता दुकान माझा नवरा बघतो, पण त्या दिवसांत मामांना घरी बसवत नाही. त्या वर्षी मात्र ते घरीच बसले, आणि तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

अळणी जेवण सुरू झालं होतं. ताट रोज स्वच्छ. तक्रार नाही. आम्ही खूश, की मामांनी किती सहज मनावर घेतलं! घेतलेलं संपवायचा नियम ते मोडणार नाहीत, एवढंच आमच्या लक्षात होतं. ते घेतातच किती, हे कुणी पाहिलं नाही. “थोडंच वाढ पोरी,” म्हणायचे. आधी दोन भाकरी, मग दीड, मग एक. मग एकीचीही मोडून अर्धी परत माझ्या हातात द्यायचे, लिंगाला दाखवायच्या आधीच, म्हणजे टाकल्याचं पाप नको. मला ते कळलं पातेल्यावरून. वरण उरायला लागलं, भाजी उरायला लागली, आणि शेजारच्या गायीची चंगळ झाली. एक दिवस ते सदऱ्याची वरची गुंडी लावत होते तर गळ्याशी माझे दोन हात जातील एवढी जागा. सूज उतरली होती म्हणून आम्ही आनंदात होतो, आणि सुजेखालचा माणूस किती वाळला होता ते सूज गेल्यावर दिसलं.

डॉक्टर म्हणाले, असं चालणार नाही, पोटात गेलं पाहिजे, नाहीतर गोळ्याही पेलणार नाहीत. मी तशी तोंडाळ. घरी येऊन मामांना बोलले, “तुम्ही जेवला नाहीत तर मीही जेवणार नाही.” ते म्हणाले, “जेवतो की गं. ताट बघ, हाय का काई त्यात?”

आमची मुलगी पुण्याला शिकायला आहे. तिला फोनवर सगळं सांगितलं, तर तिनं एक व्हिडिओ पाठवला. कुठल्याशा लांबच्या देशातली बाई टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर बारीक चिरून वरून लिंबू पिळते आणि त्याला साल्सा म्हणते. मुलगी म्हणाली, “आई, ताजं घरी केलं तर मिठाशिवाय चालतं, आंबट-तिखटावर भागतं.” मी बघितलं आणि हसूच आलं. ही तर आमची कोशिंबीर, परदेशात जाऊन नाव बदलून आलेली! पण विचार डोक्यात बसला. मामांचा जीव ठेच्यावर. कोशिंबीर नको, यालाच ठेच्यासारखं रगडावं. डॉक्टरांना विचारलं, टोमॅटो, लिंबू चालेल का? त्यांनी मूत्रपिंडाचे रिपोर्ट बघितले आणि म्हणाले, खुशाल चालेल.

मिठाशिवाय ठेचा करून बघा म्हणजे मीठ काय काय कामं करतं ते कळतं. आम्ही तव्यातच ठेचतो, तांब्याच्या बुडानं. मीठ असलं की त्याच्या कणांनी लसूण चिरडतो. मीठ नसलं की पाकळ्या तव्यात सटकत पळतात, एक तर ओट्याखाली जाऊन बसली. टोमॅटोला पाणी सुटत नाही, कांद्याचा उग्रपणा जात नाही. आणि चाखायचं नाही! पहिल्या दिवशी लिंबू एवढं झालं की नवऱ्याचा एक डोळा मिटला तो उघडेना. दुसऱ्या दिवशी लसूण करपून कडू. तिसऱ्या खेपेला मिरची अशी निघाली की मामांच्या डोळ्यांतून धारा. ताट धुऊन प्यायले, तेव्हा ते धुवणही तिखट लागलं असणार. मला स्वतःचा इतका राग आला की मी तांब्या आपटला, त्याला अजून पोचा आहे.

आत्याबाई दारात बसून हे सगळं बघायच्या. त्यांचा हात म्हणजे गल्लीत नावाजलेला. उभ्या जन्मात न चाखता मीठ घातलं आणि कधी चुकलं नाही. लग्नकार्याला बायका त्यांना बोलवून न्यायच्या, मोठ्या पातेल्यात मीठ तेवढं टाकायला. तो हात आता रिकामा मांडीवर पडलेला असायचा.

मग मी ठेचा फक्त मामांपुरता, वाटीभरच करायला लागले. आणि एक दिवस जमलं. मामांनी ठेच्याचा घास घेतला, थांबले, माझ्याकडं नाही तर आत्याबाईंकडं बघितलं, आणि भाकरी पूर्ण संपवली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दीड भाकरी! माझे पाय जमिनीवर नव्हते. समोरच्या वहिनींना बोलावून कृती सांगितली, मुलीला फोटो पाठवला, नवऱ्यापुढं तर मी असा तोरा मिरवला की विचारू नका. बिनमिठाचं खाऊ घालणं ही कला आहे म्हटलं, कुणालाही जमत नाही.

दहा-पंधरा दिवसांत मामांचे पाय पुन्हा सुजले. बोटानं दाबलं की खड्डा तसाच राहायचा. एका सकाळी श्वास घेता येईना, अंगणात खुर्चीवर पुढं वाकून बसले, ओठ काळपटलेले, बोलता येत नव्हतं. गाडी करून अंबाजोगाईला नेलं. सबंध रस्ता त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो गार होता. मला देवाचं नावही आठवेना.

तिथं ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. श्वास जागेवर आल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “जेवणात मीठ किती?” मी म्हणाले, कणभरही नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मी आवाज चढवला, “मी स्वतः करते, मला माहीत नाही का?” मग माझी नजर नवऱ्याकडं वळली. दुकानाच्या शेजारीच भज्यांचा गाडा आहे. यानंच नेऊन खाऊ घातली असणार, बापाच्या मायेनं. तिथंच, खाटेच्या पायथ्याशी आमचं जुंपलं. तो म्हणतो, “मी कावून देईन? मला कळत न्हाई का?” आवाज ऐकून मामांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला.

“मीच खाल्लं आसंल कुटंतरी बाहीर,” ते म्हणाले. “भांडू नका बे.”

मला ते पटलं नाही. लिंगाला दाखवल्याशिवाय पाणी न पिणारा माणूस गाड्यावरची भजी खाईल? आणि खोटंही कधी न बोललेला माणूस. त्या दिवशी बोलला.

घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. मी मामांचा ठेचा करून ठेवला, झाकला, आणि गच्चीवरचे कपडे काढायला गेले. आमच्याकडं वीजकेंद्राच्या राखेचा थर बसतो म्हणून वाळलेले कपडे झटकून आणावे लागतात. त्या दिवशी वारा दुसरीकडचा होता, मी लवकर खाली आले. बघते तर आत्याबाईंनी फळीवरचा उपवासाचा डबा उघडलेला. त्यात साबुदाणा, भगर, राजगिरा आणि कागदाच्या पुडीत सैंधव. चिमटीत सैंधव घेऊन त्या माझ्या ठेच्यावर पेरत होत्या. सवयीचा हात, चार बोटं अशी गोल फिरली.

मी किंचाळले. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. पुडी त्यांच्या हातातून हिसकावून घेतली, सैंधव जमिनीवर सांडलं.

“उपासाला चालतंय की ते,” आत्याबाई म्हणाल्या. “मीठ आसतं तर उपासाला चाललं आसतं का? ते मीठ न्हाई गं. मी मीठ न्हाई घातलं. देवाशपथ न्हाई घातलं.”

आणि दर सोमवारी उपवासाच्या खिचडीत मीठ नाही, सैंधव आहे, असं मीच या घरात मुलीला शिकवलं होतं. उपवासाला मीठ चालत नाही, सैंधव चालतं. मग सैंधव मीठ कसं असेल? आमच्या घरात हे कुणीही असंच समजलं असतं. मी खाली बसले. शांत आवाजात सांगितलं, की देवाला ते वेगळं असेल, हृदयाला एकच. तेही तसंच पाणी धरतं. मामांना अंबाजोगाईला न्यावं लागलं ते यानंच.

त्यांना ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा असा झाला की मी माझे सगळे शब्द परत घ्यायला तयार होते. “म्या केलं?” त्या म्हणाल्या. “म्या?” आणि सांडलेलं सैंधव पदरानं टिपायला लागल्या.

मामांना आतल्या खोलीत सगळं ऐकू गेलं होतं. मी त्यांच्यापाशी जाऊन विचारलं, तुम्हाला पहिल्याच घासाला कळलं होतं ना? ते छताकडं बघत होते.

“कळलं व्हतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तिचा हात वळकू येतो मला,” ते म्हणाले. “लई दिसांनी तिच्या हातचं लागलं. वाटलं, खाऊ दे दोन घास. येवडं व्हईल आसं न्हवतं वाटलं.” मग माझ्याकडं वळून, “तिला टाकून बोलू नको. मीच खाल्लं बाहीर, आसंच सांग समद्यांला.”

मी चिडलेच होते, त्यांच्यावरही. माणूस बायकोचं मन राखायला जीव धोक्यात घालतो म्हणजे काय? पण माझा राग तिथून बाहेर येईपर्यंत टिकला नाही. त्या दोघांच्या संसारात मी सून म्हणून किती वर्षं वावरले, आणि एवढं मोठं काही मला दिसलंच नव्हतं.

त्या दिवशीचा स्वयंपाक तसाच राहिला. मामांनी दूध-भात खाल्ला, तोही चार घास. दुसऱ्या सकाळी मी ओट्याशी गेले तर आत्याबाई आधीच उभ्या. टोपलीतले टोमॅटो निवडत होत्या. मी आणलेले लांबुळके, टणक टोमॅटो बाजूला सारले आणि म्हणाल्या, “ह्याला चवच न्हाई. बाजारातून गावरान आन, चपटे, आंबट.” मी स्कूटीवर जाऊन आणले. त्यांनी ते थेट आचेवर धरले, साल काळी पडून तडकेपर्यंत. लसूण सालीसकट भाजला, म्हणजे करपत नाही, मऊ पडतो आणि ठेचताना पळत नाही. मिरच्या दोनच, बिया काढून. कांदा कच्चा, अगदी बारीक, लिंबाच्या रसात आधीच मुरत घातलेला, त्यानं त्याचा उग्रपणा मोडतो. जिरं कोरडं भाजून हातावर चोळलेलं. दाण्याचं कूट नावाला. कोथिंबीर दोन पाण्यांतून काढलेली, देठासकट. मी आजही असाच करते, तुमच्याकडं कुणाला मीठ बंद असेल तर करून बघा.

हे सगळं तव्यात एकत्र झालं आणि आत्याबाई थांबल्या. मिठाचा अंदाज त्यांच्या बोटांत होता, पण हे नवं होतं. आंबट किती, तिखट किती, बोटांना काही सांगता येईना. त्यांनी देवघराकडं बघितलं. मग आतल्या खोलीच्या दाराकडं बघितलं. आणि त्या बाईनं, जिनं जन्मात कधी नैवेद्याच्या आधी बोट जिभेला लावलं नव्हतं, तव्यातला ठेचा बोटावर घेतला आणि चाखला. डोळे मिटून, नीट चाखला.

“लिंबू थोडं आजून,” त्या म्हणाल्या. मी पिळलं. त्यांनी पुन्हा चाखला. “जिरं.” मी घातलं. अजूनही तो क्षण आठवला की मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटतं. मी त्यांना आदल्या दिवशी काय काय बोलले होते, आणि त्यांनी माझ्याविरुद्ध एक अक्षर मनात धरलं नाही.

मामा येऊन पाटावर बसले. मी ताट वाढलं. अळणी वरण, अळणी भाजी, ठेचा, अर्धी भाकरी, पुन्हा पहिल्यासारखी. त्यांनी हातात लिंग घेऊन ताट दाखवलं, डोळे मिटले, मग पहिला घास घेतला. आत्याबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, पदराचं टोक दातांत. मामांना कळलं की आज सैंधव नाही. ते कळल्याचं आम्हा दोघींनाही कळलं. ते सावकाश चावत राहिले. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. ठेचा संपला. भाकरी संपली. ताट धुवायला ते तांब्याकडं हात नेतील म्हणून मी तांब्या पुढं सरकवला. त्यांनी तो घेतला नाही.

“भाकरी दे,” मामा म्हणाले. “आन् ते टमाट्याचं.”

मी टोपलीकडं वळले. टोपली रिकामी होती. सकाळी मी नवऱ्याच्या दोन, माझी एक, आत्याबाईंची एक आणि मामांची अर्धी, एवढ्याच हिशोबानं पीठ घेतलं होतं. नवरा जेवून दुकानाला गेला होता. आमच्या दोघींच्या वाटणीच्या मी सकाळीच दारात आलेल्या माणसाला देऊन टाकल्या होत्या, घशाखाली उतरणार नव्हत्या म्हणून. ते दीड भाकरीचे दिवस सोडले, तर कितीतरी दिवस मी या माणसासाठी अर्ध्या भाकरीचंच पीठ घेत आले होते, आणि ते घेताना माझा हात एकदाही अडखळला नव्हता. मनातून मी त्यांचं जाणं धरून चालले होते, हे मला त्या रिकाम्या टोपलीपाशी कळलं.

“भाकरी नाही मामा,” मी म्हणाले आणि हुंदका फुटला.

“मग कर की,” ते म्हणाले. “बसतो मी.”

आत्याबाईंनी परात ओढली. मी पिठाचा डबा उघडला आणि दोन्ही ओंजळी भरून पीठ घेतलं.